खरी नक्कल

लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागच्या बोळात
तवनाप्पा मगदूम उलटं लिहायचे.
पन्नास वर्षं उलटं.
चेअरमन, सरपंच, दूध संस्था मर्यादित,
'खरी नक्कल', 'पैसे पोचले',
आणि एका डॉक्टरसाठी नुसतं 'मयत'.
काना नाही चुकला कधी, वेलांटी नाही फिरली.

मी हाताखाली लागले तेव्हा म्हणाले,
'पोरी, आधी न वाचता बघायला शीक.
वाचलंस की हात सरळ जातोय.'

कलानिकेतनच्या एका पोरानं
रेड्याचा शिक्का करून घेतला. पैसे नव्हते,
म्हणून सायक्लोस्टाइलचा एक कागद ठेवून गेला.
चाळीस पत्ते : मोंतेविदेओ, ओसाका, लोड्झ.
वर एक ओळ :
काहीही छापून पाठवा, कुणालाही,
विकायचं नाही, परत मागायचं नाही.
मामा म्हणाले, 'हे म्हणजे गावजेवणच झालं की.'

त्या रात्री शटर अर्धं ओढून
हवाई चपलेच्या टाचेत त्यांनी गुऱ्हाळ खोदलं.
'एवढी कोल्हापुरी नावाजलेली,
पण शिक्क्याला हवाईच लागती.'
चिमणीतला धूर खाली उतरणारा,
काहिलीत, परत रसात.
जांभळी शाई. पोस्टकार्ड. मजकूर काही नाही.

अकरा आठवड्यांनी लोड्झहून
हान्का नावाच्या बाईचं पाकीट आलं.
धुरात तिनं मासे सोडले होते.
पाकिटाची कड कापून पुन्हा डकवलेली,
तिच्यावर तिथल्या सरकारचा शिक्का.
मामांनी मासे बघितलेच नाहीत.
भिंग घेऊन त्या शिक्क्यावर वाकून बसले.
'डाव्या अंगाला जोर पडलाय.
मारणारा भ्यालंय बिचारं.'

मग वर्षाला तीन, कधी चार.
ती माशांना पाय काढायची, हे पायांत घुंगरू.
एकमेकांची भाषा एक अक्षर येत नव्हती
आणि तशी वेळही आली नाही.

पुढं मशीन आलं. दहा मिनिटांत शिक्का,
आपली शाई आपणच पिणारा.
मी शिकले. मामा शेजारी बसून
खोडरबरावर मुंग्या कोरायचे.

रेशनच्या दुकानात एकदा
मशीननं त्यांचा अंगठा घेतला नाही.
धुतला, पुसला, डावा, उजवा, मधलं बोट.
दुकानदार म्हणाला, 'आजोबा, तुम्हाला ठसाच नाही.'
मामा असे हसले की रांगेतल्या बायका हसायला लागल्या.
'अरे, जिल्हाभर माझेच ठसे हैत,
त्यातला एखादा लाव की!'
घरी येताना मात्र बोलले नाहीत.
बिंदू चौकात थांबून
अंगठा उन्हात धरला,
फिरवून बघितला,
आणि खिशात घातला, सुट्ट्या पैशासारखा.

ते गेल्यावर चौथ्या महिन्यात पाकीट आलं.
पोस्टमन सुभान दारात घोटाळला :
'मयत लिहितो, परत जाईल.'
म्हटलं, ठेव इथं.

आत कोरं कार्ड.
कोपऱ्यात आमचं पहिलं गुऱ्हाळ,
कात्रीनं कापून चिकटवलेलं, पिवळं पडलेलं.
पत्त्यातलं अक्षर हान्काचं नव्हतं.
लिहिणाऱ्यानं काही विचारलं नव्हतं.
मग मीही नाही.

माळ्यावर एक हवाई होती, मामांचीच, डाव्या पायाची.
तिची टाच कापली. अंगठा खोदायला घेतला.
रेघा किती, कुठून वळतात,
काही आठवेना, आठवण्यासारखं त्यात उरलं नव्हतं.
शेवटी खोदल्याच नाहीत.
एक लंबगोल, गुळगुळीत.
गुऱ्हाळाच्या दाराशी दाबला,
कुणीतरी आत्ताच टेकून गेल्यासारखा.

रमणमळ्याच्या पोस्टात खिडकीतली मुलगी म्हणाली,
'ताई, शाई सांडलीय इथं.'
हो, म्हटलं.
तिनं वजन केलं, तिकिटं दिली,
आणि जागा नव्हती म्हणून
अर्धी तारीख तिकिटावर, अर्धी त्या जांभळ्यावर मारली.
उजव्या अंगाला जरा जोर पडला.
भ्यालेली नव्हती. घाईत होती,
डबा उघडायचा होता तिला.